रहस्यकथेतल्या रहीमचाचाचे घर

वाचनाची एक शिडी असते, असे मराठीत फार पूर्वीपासून सांगितले जाते. खालच्या पायरीवर रहस्यकथा, तिच्या वर कौटुंबिक कादंबरी, मग फडके-खांडेकर आणि अगदी वर ज्यांची नावे घेताना प्राध्यापक मंडळी आवाज खाली आणतात असे लेखक. वाचक एकेक पायरी चढतो आणि वर पोचला की खालच्या पायरीकडे वळून पाहत नाही, असा त्यातला हिशेब. आम्हाला तो कधीच पटलेला नाही. ज्यांनी हा हिशेब मांडला त्यांनी कल्याणच्या दूधनाक्यावर किंवा ठाण्याच्या राबोडीत भाड्याने पुस्तक आणून वाचणाऱ्या माणसाला काही विचारले होते, असे दिसत नाही. आम्ही शिडी चढलो हे खरे. पण वर जाऊन पुन्हा खाली उतरलो आणि रहस्यकथा वाचत राहिलो. आजही वाचतो. फरक पडला तो नजरेत. पूर्वी ज्या पुस्तकाने रात्र जागवली, तेच पुस्तक तिसऱ्या पानावर अडखळू लागले. थोर लेखकांनी आमच्या हातातली रहस्यकथा काढून घेतली नव्हती, पण तिच्याकडे काही मागण्याची सवय मात्र लावून ठेवली होती. या मागण्याची हकीकत सांगावी आणि मागणी अजून पुरी का झाली नाही तेही पाहावे, म्हणून हा लेख.

आधी आमच्या वाचनाविषयी. कल्याणला सार्वजनिक वाचनालय १८६४ पासून आहे. ठाण्यात 'महाराष्ट्र सारस्वत'कार वि. ल. भावे यांच्या पुढाकाराने १८९३ साली मराठी ग्रंथसंग्रहालय उभे राहिले. म्हणजे आमच्या आजोबांच्या आधीपासून या पट्ट्यात पुस्तके होती. तरी १९७० च्या दशकात मोहल्ल्यातली मुले तिथवर क्वचित पोचत. कुणी अडवत होते असे नाही. अनामत रक्कम, ओळखीच्या सभासदाची सही, आणि या दोन्हींपेक्षा मोठा म्हणजे संकोच. एका वाचनालयात (नाव सांगण्यात अर्थ नाही, तिथला पुढचा अनुभव चांगला आहे) आमचे नाव ऐकून खिडकीतले गृहस्थ फार मायेने म्हणाले होते, "उर्दू पुस्तकं आमच्याकडे नसतात, बाळ." आम्ही तेव्हा मराठी शाळेत सातवीत होतो आणि उर्दूचे एक अक्षर आम्हाला वाचता येत नव्हते.

मग राहिली पानाच्या गादीशेजारची भाड्याच्या पुस्तकांची टपरी. दिवसाला काही पैसे भाडे, पुस्तकाला खाकी पुठ्ठा, आणि बहुतेक पुस्तकांची शेवटची दोन-चार पाने गायब. खुनी कोण हे टपरीवाल्याला विचारावे लागे आणि त्याचा मूड असला तरच तो सांगे. इथे आम्हाला बाबूराव अर्नाळकर भेटले. त्यांचा झुंजार भेटला, काळापहाड भेटला, धनंजय आणि छोटू भेटले. हजाराच्या वर पुस्तके लिहिणारा हा माणूस १९९६ साली गेला तेव्हा मराठी समीक्षेने चार ओळींपलीकडे त्यांची दखल घेतली असेल असे आम्हाला वाटत नाही. पण गिरणीत जाणाऱ्या, गोदीत जाणाऱ्या, बेकरीत रात्रपाळी करणाऱ्या माणसाला मराठी अक्षराची गोडी लावली ती त्यांनी. अर्नाळकरांच्या मागून गुरुनाथ नाईक आले. त्यांच्याही कादंबऱ्यांची संख्या हजाराच्या पुढे. आम्ही वह्यांत याद्या करत असू. कोणते वाचले, कोणते राहिले, कोणते दुसऱ्यांदा वाचायचे.

पुढे नोकरी लागली आणि वाचन गाडीत होऊ लागले. त्या काळी कल्याणची जलद गाडी डोंबिवली सोडली की थेट पारसिकच्या बोगद्यात शिरे आणि ठाण्यालाच उजेडात येई. बोगद्यात डब्यातले दिवे पिवळे पडत; ज्याचे प्रकरण रंगात आलेले असे तो पुस्तक डोळ्यांजवळ नेई. मुंब्रा आणि कळवा ही स्टेशने डोंगराच्या पलीकडल्या बाजूला, धीम्या गाडीच्या वाट्याला. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतून उठलेली हजारो कुटुंबे मुंब्र्यात आली. गाव वाढले, शहर झाले, तरी आमची जलद गाडी बोगद्यातून जातच राहिली. ही गोष्ट इथे उगीच सांगत नाही, पुढे तिचे काम पडणार आहे.

आता रहीमचाचाकडे येऊ. रहीमचाचा हा कुठल्या एका लेखकाच्या पुस्तकातला नव्हे; हे नाव आम्ही मित्रांनी एका जातीच्या पात्राला ठेवले होते. रहस्यकथेत मुसलमान तीन वेषांत येई. एक तर तो इमानी नोकर असे, पांढऱ्या दाढीचा, मालकासाठी गोळी झेलणारा. नाहीतर पठाण किंवा दादा असे, सोन्याची बिस्किटे उतरवणारा, सुरा चालवणारा. तिसरी म्हणजे कोठ्यावर गाणारी बाई, जी शेवटी नायकाला माहिती पुरवते आणि मरते. तिघांची भाषा एकच: मोडकीतोडकी मुंबई हिंदी, "साब, अपुन को मालूम नहीं" छापाची. तिघांनाही घर नसे. रहीमचाचा रात्री कुठे झोपतो, त्याची बायको कुठली, मुले शाळेत जातात का, ईदला तो रजा घेतो का, हे कुठल्याच पुस्तकात लिहिलेले नसे.

आणि खरे सांगायचे तर आम्हालाही ते खटकत नसे. आज मोठ्या तावातावाने लिहिताना हे लपवण्यात हशील नाही. चौदा वर्षांचे आम्ही नायकाच्या बाजूने असू, पठाण पडला की टाळ्या पिटू, आणि पुस्तक मिटून घरी जाऊ, जिथे आमची दादी कोकणी मराठीत आम्हाला शिव्या घालत असे. पुस्तकातला मुसलमान आणि दादी ही एकाच समाजाची माणसे आहेत, हे आमच्या डोक्यातच आले नाही. वाचकाची अपेक्षा अशी तयार होते, किंवा होत नाही. जे कधी मिळालेलेच नाही त्याची भूक लागत नाही.

भूक लावली हमीद दलवाईंनी. 'लाट' हा त्यांचा कथासंग्रह १९६१ चा आणि 'इंधन' ही कादंबरी १९६५ ची. आमच्या हातात 'इंधन' आली ती पुष्कळ उशिरा, १९८० च्या सुमारास, कॉलेजातल्या एका मित्राकडून. दलवाई म्हटले की आपल्यात लगेच बाजू पडतात. १९७० साली त्यांनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले, त्याआधी आणि त्यानंतर ते जे बोलले-लिहिले त्याविषयी या अंकाच्या वाचकांत दोन नव्हे, चार मते असतील. आम्हालाही त्यांचे सगळे म्हणणे पटत नाही. पण इथे आम्ही कादंबरीकार दलवाईंविषयी बोलत आहोत आणि वाचकांनी तेवढ्यापुरता तरी मंचावरचा दलवाई बाजूला ठेवावा, अशी विनंती आहे.

आमच्या अब्बांना ते जमले नाही, निदान पहिल्या दिवशी. पुस्तक पाहून म्हणाले, "ह्या माणसाची पुस्तकं घरात नकोत." आम्ही ते पलंगाखाली सारले. दोन दिवसांनी अब्बांनी विचारले, "ते पुस्तक परत केलंस का?" नाही म्हटले. "राहू दे अजून दोन दिवस," एवढेच बोलले. चष्मा लावून रात्री ते काय वाचत बसले होते हे अम्मीने सांगितले तेव्हा कळले. अब्बा रत्नागिरीकडून कल्याणला आलेले. पुस्तक परत देताना त्यांनी दलवाईंच्या विचारांविषयी अवाक्षर काढले नाही. त्यांच्या गावातल्या जमिनीच्या एका जुन्या भांडणाची गोष्ट सांगत बसले, जी आम्ही पूर्वी कधी ऐकली नव्हती.

'इंधन'मध्ये असे आहे काय? हृदयविकारानंतर बऱ्याच वर्षांनी कोकणातल्या आपल्या गावी परतलेला एक माणूस. त्याचे घर, भाऊबंद, गावातले मुसलमान, कुळवाडी, बामण, महार, त्यांच्यातले जमिनीचे आणि अब्रूचे जुने हिशेब, बायकापुरुषांची चोरटी प्रकरणे, आणि हळूहळू पेटत जाणारे गाव. यातला एकही मुसलमान इमानी नोकर नाही. बरेचसे तर चांगले माणूसही नाहीत. ते हेवा करतात, जुलूम करतात, घाबरतात, एकमेकांच्या घरात डोकावतात. पण त्यांना घर आहे, सातबारा आहे, मराठीत विचार करणारे डोके आहे. चांगुलपणाचे प्रमाणपत्र दाखवल्याशिवाय मराठी पुस्तकात आपला माणूस शिरू शकतो, हे आम्ही प्रथम तिथे पाहिले. वाचकाला याहून मोठी भेट कोणता लेखक देऊ शकेल, आम्हाला ठाऊक नाही.

एकदा हे पाहिले की मग इतर ठिकाणीही दिसू लागते. माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'तला (१९५५) आयबू दिसतो. तेंडुलकरांच्या 'सखाराम बाइंडर'मधला (१९७२) दाऊद दिसतो. गणपतीच्या आरतीला तो आवाज मिसळतो आणि लक्ष्मी त्याला अडवते, तेवढ्या एका प्रसंगात एका घराची, एका मैत्रीची आणि एका देशाची सगळी अडचण उघडी पडते. दाऊदचे भाषण नाही, मालकासाठी मरण नाही. तो मित्राकडे आलेला एक साधा माणूस आहे.

आणि मग पुन्हा टपरीवरची रहस्यकथा उघडली. पठाण आला. सुरा काढला. आम्ही थांबलो. हा राहतो कुठे? भिवंडीला? मग हा हिंदीतच का बोलतो, भिवंडीतल्या आमच्या मामूसारखा तीन भाषांची भेळ करून का बोलत नाही? पानावर उत्तर नव्हते. लेखकाला प्रश्नच पडलेला नव्हता. ज्या पुस्तकांनी आम्हाला वाचायला शिकवले त्यांच्याविषयी असे वाटावे याचे दुःखही झाले. अर्नाळकरांचे ऋण 'इंधन'मुळे फिटत नाही.

इथवरच्या हकीकतीवर कुणी म्हणेल, अहो, तुम्ही आंब्याच्या झाडाकडे फणस मागता. रहस्यकथा ही करमणूक. तिच्या लेखकाने महिन्याला दोन-तीन पुस्तके पुरी करायची, त्याच्याकडून दलवाई आणि तेंडुलकरांची अपेक्षा कशाला? बिनतोड वाटतो हा युक्तिवाद. तो तोडला इब्ने सफींनी.

आमच्या भिवंडीच्या मामूंचा हा लेखक. मामू यंत्रमागाच्या कारखान्यात मुकादम होते. रविवारी ते मोठ्याने वाचत आणि कारखान्यातले चार-सहा जण चहा घेत ऐकत. उर्दू न वाचता येणारे आम्ही इब्ने सफी आधी कानांनी वाचले आणि मग हिंदी आवृत्त्यांतून डोळ्यांनी. इब्ने सफी म्हणजे असरार अहमद. जन्म १९२८ चा, अलाहाबाद जिल्ह्यातल्या नारा गावचा. उर्दूत अश्लील मजकुराशिवाय काही खपत नाही, असे कुणीतरी बैठकीत म्हणाले आणि या तरुण कवीने ते आव्हान म्हणून घेतले, अशी हकीकत सांगतात. १९५२ साली अलाहाबादहून 'जासूसी दुनिया' सुरू झाली. पहिल्या कादंबरीचे, 'दिलेर मुजरिम'चे, कथानक एका इंग्रजी कादंबरीवरून उचललेले होते. पण फरीदी आणि हमीद ही जोडी त्यांची स्वतःची. त्याच वर्षी ते पाकिस्तानात गेले. १९५५ पासून इमरानची मालिका सुरू झाली. दोन्ही मालिका मिळून सुमारे अडीचशे कादंबऱ्या. मधली तीन वर्षे, १९६० ते १९६३, ते मनाच्या आजाराने अंथरुणावर होते. परत आले ते 'डेढ मतवाले' घेऊन, आणि तिच्यावर सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना उड्या पडल्या. १९८० साली, आपल्या जन्मतारखेलाच, २६ जुलैला, ते वारले. मामूंनी त्या आठवड्यात वाचन ठेवले नाही.

अडीचशे कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाला वेळ नव्हता असे म्हणावे, तर त्याची भाषा पाहा. वाक्य स्वच्छ, विनोद चेहरा न हलवता केलेला, आणि गुन्हेगार बहुधा समाजात मान असलेला: कुणी नवाब, कुणी डॉक्टर, कुणी शास्त्रज्ञ. गुंड दिसला की तो गुन्हेगार नव्हे, हे दहा पुस्तके वाचलेल्या लूमवाल्यालाही पाठ झाले होते. इमरान तर बाहेरून निव्वळ मूर्ख. लोक त्याला हसतात आणि तो हसणाऱ्यांना गुंडाळतो. नाव आणि पोशाख यांवरून माणूस ओळखू नये, हा धडा कुठलेही प्रवचन न देता या माणसाने पॉकेटबुकातून दिला. बाईचे वर्णन करताना लेखणी घसरू दिली नाही. मामू भाचीसमोर मोठ्याने वाचू शकत, यापेक्षा वेगळा पुरावा काय द्यायचा? अर्थात त्यांच्या स्त्रिया फारशा जिवंत नाहीत, हेही सांगितले पाहिजे. त्या सुंदर असतात, धोकादायक असतात, पण दोन संकटांच्या मध्ये त्या काय करतात ते कळत नाही. त्या बाबतीत दलवाईंच्या कोकणातल्या बायका पुष्कळ पुढे आहेत.

एक गंमत. हिंदी आवृत्तीत कर्नल फरीदी 'कर्नल विनोद' झाला, इमरान 'राजेश' झाला. हमीद मात्र हमीदच राहिला. आम्हा मुलांना तेव्हा वाटे, व्वा, कर्नल हिंदू आणि कॅप्टन मुसलमान, काय झकास जोडी आहे! मामूंनी खुलासा केला तेव्हा आम्ही खट्टू झालो. प्रकाशकाला वाटले असावे की नायकाचे नाव बदलले तर नवा वाचक जवळ येईल, आणि हाताखालचा अधिकारी मुसलमान असला तर चालेल. व्यवहार म्हणून बरोबर असेलही. पण नायक आणि मदतनीस यांच्यामधली ती रेघ रहीमचाचाच्या घरावरून जाते, हे पुढे उमगले.

तर आमची अपेक्षा दोन लेखकांनी दोन बाजूंनी वाढवली. दलवाईंच्या पानावर आपला मोहल्ला होता, पण तिथे रात्र जागवणारे कोडे नव्हते. त्यांना ते लिहायचेही नव्हते. इब्ने सफींकडे कोडे होते, विनोद होता, पण त्यांचे शहर हे कुठलेच शहर नव्हते. ते शहराचे नाव सांगत नाहीत, देशही धूसर ठेवतात. सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना खपायचे तर ते शहाणपणाचेच होते. फरीदीची गाडी कुठल्या रस्त्याने गेली हे नकाशावर शोधता येत नाही. वाचक मात्र हावरट. त्याने एका हातात 'इंधन' आणि दुसऱ्या हातात 'जासूसी दुनिया' धरली आणि म्हणाला, आता ही दोन्ही एका पुस्तकात द्या.

मराठीत ही मागणी कुणी ऐकली? थोडी ऐकली. सुहास शिरवळकरांनी ऐकली असे आम्हाला वाटते. २००३ साली ते अकाली गेले. 'दुनियादारी'वर २०१३ साली सिनेमा आला तेव्हा नव्या पोरांनी त्यांना पुन्हा शोधून काढले. आमच्या पिढीला ते आधीपासून माहीत होते, अमर विश्वास आणि मंदार पटवर्धन यांच्यामुळे, आणि विशेष करून फिरोझ इराणी आणि दारा बुलंद यांच्यामुळे. मराठी पॉकेटबुकाच्या मुखपृष्ठावर नायक म्हणून असली नावे पाहून कल्याण स्टेशनच्या पुलावर आम्ही खरोखर थबकलो होतो. नावे मिळाली. घर मात्र मिळाले नाही. आम्ही जेवढे वाचले त्यात तरी फिरोझच्या घरात काय शिजते याचा वास आला नाही. अरुण साधूंच्या 'मुंबई दिनांक' (१९७३) आणि 'सिंहासन' (१९७७) या कादंबऱ्या रहस्यकथेच्या वेगाने वाचून होतात आणि कुठेही स्वस्त होत नाहीत. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांनी भयाच्या आणि गूढाच्या कथेला घडवलेली भाषा दिली. म्हणजे लोकप्रिय लेखनाने वर यायचे ठरवले तर येता येते.

आमच्या गाडीतल्या लेखकांचे काय? डोंबिवलीत शं. ना. नवरे राहत, पु. भा. भावेही राहत. भाव्यांचे हिंदुत्व आक्रमक; आमच्या समाजाविषयी ते जे लिहीत ते वाचून आम्ही पुस्तक मिटलेले आहे. आणि तरीही मराठी वाक्य कसे ताठ उभे राहते हे आम्ही ज्यांच्याकडून शिकलो त्यांत भावे आहेत, हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. शन्नांची गोष्ट वेगळी. त्यांचा माणूस हा आमच्याच डब्यातला. त्याचा डबा, त्याची छत्री, त्याची साहेबाची भीती आम्हाला ठाऊक. फार लोभस लेखक. पण त्यांच्या कथांतली गाडी, आम्ही वाचल्या त्यांत तरी, जलद गाडी आहे. ती मुंब्र्याला थांबत नाही. हा शन्नांना दोष नव्हे. ते जे पाहत होते ते त्यांनी लिहिले. मुंब्र्याच्या फलाटावर जे उभे होते त्यांनी काय लिहिले, हा खरा प्रश्न आहे, आणि तो आपल्याला आहे.

१९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. त्यानंतर आपल्यात कविता आली, आत्मकथन आले, वैचारिक लेखन आले, दंगलीच्या कथा आल्या. राजन खान यांच्यासारखा भरपूर आणि वाचनीय लिहिणारा कथाकार आहे. त्यांच्या 'हलाल' या कथेवर सिनेमाही आला. पण रहस्यकथा? हेरकथा? भुताची गोष्ट? निव्वळ प्रेमाची कादंबरी, जी दुपारी हाती घेतली आणि रात्री संपवली? या अंकाच्या आणि असल्या इतर अंकांच्या अनुक्रमणिका आम्ही चाळल्या. दुःख आहे, निषेध आहे, सलोख्याचे आवाहन आहे. आमच्या नातवंडांनी रांगेत उभे राहून मागावे असे त्यांत फार थोडे आहे.

यावर उत्तर तयार असते. १९७० ची भिवंडी पाहिलेल्या, १९८४ पाहिलेल्या, १९९२-९३ मध्ये घर सोडावे लागलेल्या माणसाने करमणूक लिहावी? हे उत्तर देणाऱ्यांच्या जखमेचा आम्ही आदर करतो. त्यांतल्या काही आमच्याही आहेत. पण मामू? १९८४ नंतर त्यांचा कारखाना काही महिने बंद होता. त्या महिन्यांत त्यांनी इब्ने सफी अधिक वाचले, कमी नाही. ज्याच्या दारात पोलिसांची गाडी उभी आहे त्याला, गुन्हेगार शेवटी नीट शोधून काढला जातो आणि तो भलताच कुणी निघतो, अशी गोष्ट किती जवळची वाटत असेल याचा विचार आपल्या समीक्षेने केलेला नाही.

दुसरी भीती अधिक खरी आहे. आपण रहस्यकथा लिहू लागलो तर आपला नायक कसा होईल? हिंदी सिनेमातला तो इन्स्पेक्टर आठवा, देशासाठी सगळ्यात आधी छाती पुढे करणारा आणि मध्यंतरानंतर थोड्याच वेळात मरणारा. तो म्हणजे गणवेशातला रहीमचाचा. त्याला घर असते, पण ते फक्त त्याचे प्रेत आणण्यासाठी. आपला लेखक घाईघाईने असाच एक नायक उभा करील, पानोपानी त्याच्याकडून निष्ठेच्या शपथा घेववील, आणि आपण टाळ्या वाजवू, ही शक्यता मोठी आहे. त्यापेक्षा अर्नाळकरांचा झुंजार बरा.

कोडी शोधायला लांब जायला नको. ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शीळफाट्याला, लकी कंपाउंडमध्ये, अजून बांधकाम चालू असलेली इमारत राहत्या माणसांसकट कोसळली आणि ७४ जण गेले. ती उभी कशी राहिली? जागा कुणाची, कागद कुणाचे, कुणी पाहिले आणि कुणी पाहिले नाही? वर्तमानपत्रांनी आपले काम केले, कोर्टात खटला गेला. पण असल्या इमारतीत डिपॉझिट भरून राहायला जाणारे कुटुंब, खोली दाखवणारा दलाल, सळई मोजणारा मुकादम, शेजारच्या इमारतीतून रात्री कॉंक्रीटचा आवाज ऐकणारी म्हातारी, ही सगळी पात्रे रहस्यकथेची आहेत. 'खुनी कोण' हा प्रश्न इथे जितका खरा आहे तितका बंगल्यातल्या मृत लक्षाधीशाच्या गोष्टीत कधी नव्हता. तपास करणारा कुणी निवृत्त मुकादम असू दे, शाळेतली बाई असू दे. तिने कुठलीही शपथ घेऊ नये. तिला जिना चढताना दम लागावा, पाण्याच्या टँकरवरून शेजारणीशी भांडण व्हावे, आणि तिने मराठीत, हिंदीत, उर्दूत जसे येईल तसे बोलावे.

मागे एकदा गाडीत शेजारी एक मुलगी बसली होती. मुंब्र्याला चढलेली, डोक्यावर स्कार्फ, हातात मधुकर तोरडमलांनी मराठीत आणलेली अगाथा ख्रिस्ती. डोंबिवलीच्या एका वाचनालयातून आणले म्हणाली. मोबाइलवर मालिका पाहते, पण गाडीत रेंज जाते. आम्ही नेहमीचा म्हाताऱ्यांचा प्रश्न विचारला: आपल्या लोकांचे काही वाचतेस का? तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, "वाचते काका, पण सगळे रडतात त्यात." मग आम्ही या लेखातले बरेचसे तिला ऐकवले. तिने ऐकून घेतले. शेवटी म्हणाली, "खुनी आपल्यातला असला तरी चालेल मला. फक्त त्याला मुंब्र्याहून गाडी पकडायला लावा. आणि ती लेट असू दे."

संपादकांना आमची सूचना अशी: पुढल्या अंकात सोळा पाने राखावीत. कविता दोन कमी घ्याव्यात, आमचा लेख वगळला तरी हरकत नाही. त्या पानांसाठी एक रहस्यकथा मागवावी, आणि परीक्षक म्हणून प्राध्यापकांना न बसवता मामूंच्या कारखान्यात रविवारी ऐकायला बसत त्यांच्यापैकी जे हयात आहेत त्यांना बसवावे. दोघांचे पत्ते आमच्याकडे आहेत.